शिमला आला

त्या नोव्हेंबरात आमच्या ऑफिसात सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येत होतं. गुरुग्रामची हवा दर वर्षी त्या सुमाराला बिघडते, पण त्या वर्षी चौदाव्या मजल्यावरून समोरचा टॉवरही दिसेनासा झाला. खिडक्यांना बाहेरून कुणी पांढरा कागद लावल्यासारखं वाटायचं. हवा गाळणारी यंत्रं कोपऱ्याकोपऱ्यात घरघरत असायची आणि प्रत्येक टेबलावर डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली. लोक बोलता बोलता थांबायचे, रुमालाने डोळे टिपायचे आणि पुढचं वाक्य बोलायचे. परका माणूस आत आला असता तर त्याला वाटलं असतं, इथे काहीतरी घडलंय आणि ते या सगळ्यांना ठाऊक आहे.

कोरडे डोळे फक्त माझे होते. माझी आई जाऊन सोळा दिवस झाले होते.

मी विम्याच्या दाव्यांबरोबर येणारे मराठी कागद वाचतो. मृत्यूचे दाखले, पंचनामे, वारसांचे अर्ज. कोल्हापूरपासून गोंदियापर्यंत रोज कुणी ना कुणी जात असतं आणि त्याचा कागद माझ्या पडद्यावर येतो. मी तो इंग्रजीत उतरवतो. कागद खासगी, म्हणून आमच्या मजल्यावर मोबाइल चालत नाही. तो खाली लॉकरमध्ये ठेवून वर यायचं. घरच्यांना अडीनडीला फोन करता यावा म्हणून मजल्यावर खांबाजवळ एक साधा फोन आहे. तो वाजला की जवळ असेल तो उचलतो.

मराठीच्या टेबलावर आम्ही दोघंच. दुसरी एक मुलगी, नोकरीला लागून वर्षही न झालेली. वडील सोलापूरचे, आई पानिपतची, वाढली दिल्लीत. घरात हिंदी. मराठी वडिलांकडून आलेलं, तेही रविवारपुरतं. हिंदीत बोलताना ती मला 'सर' म्हणायची आणि मराठीत 'काका'. पहिल्याच आठवड्यात ती एक अर्ज घेऊन माझ्याकडे आली.

"काका, यांचे वडील 'वारले' म्हणजे? पंख्याने वारं घातलं?"

मी तिला एक यादी करून दिली. वारले, गेले, निवर्तले, कालवश झाले, देवाज्ञा झाली.

"इतके शब्द? मरायला?"

"मरायला एकच. तो टाळायला इतके."

तिने ती यादी पडद्याच्या कडेला चिकटवली आणि 'गेले'समोर आपल्या अक्षरात लिहिलं: कुठे गेले, असं विचारायचं नाही.

आई मिरजेला एकटी राहायची, बहिणीच्या घरापासून चार गल्ल्या सोडून. ऑफिसचा तो नंबर मी तिच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला होता, पण तिने तो कधी लावला नव्हता. 'तुझ्या कामात कशाला,' म्हणायची. एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला तिने तो लावला. मी तेव्हा काचेच्या खोलीत एका प्रशिक्षणाला बसलो होतो. काचेतून मला ती मुलगी दिसत होती. खांबाजवळ उभी राहून, एक कान हाताने झाकून कुणाशी तरी हसत बोलत होती. माझ्या मनात आलं, घरचा फोन असेल. मी पुन्हा समोरच्या फळ्याकडे पाहू लागलो.

जेवायच्या सुट्टीत ती डबा घेऊन आली.

"काका, आजींचा फोन होता. काय गोड बोलतात यार. त्या येतायत."

"कोण येतंय?"

"आजी. मी म्हटलं, आजी, या ना इकडे, ऑफिस पण दाखवते. तर म्हणाल्या, येते हं. मी गेटवर पाहुण्यांचा पास पण टाकून दिला. तारीख नाही सांगितली त्यांनी, म्हणून महिनाभराचा टाकला."

"आणखी काय म्हणाली?"

"शिमल्याचं काहीतरी. शिमला आला, असं. तुम्ही नेणार असाल ना त्यांना? छुपे रुस्तम निघालात."

मी हसलो. घरातून निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो, आणि माझी आई फोन ठेवतानाही तेच म्हणते, हे मला तिथेच सांगता आलं असतं. पण डब्याचं झाकण निघालं होतं, भाजी निवत होती. संध्याकाळी फोन करून आईला शिमल्याबद्दल चिडवू, असं ठरवून मी जेवलो.

सहा वाजता लॉकर उघडला तेव्हा आत फोन थरथरत होता. बहिणीचा बारावा फोन होता; ऑफिसचा नंबर तिच्याकडे नव्हता. आई चारच्या सुमाराला, खुर्चीत बसल्या बसल्या.

तेरा दिवस मी सगळं केलं. लोकांना चहा दिला, खुर्च्या मांडल्या, दाखल्यासाठी महापालिकेत गेलो आणि दाखल्यातली शुद्धलेखनाची चूक दाखवून तो बदलून आणला. बहीण रडली, शेजारच्या बायका रडल्या, दूधवाला दारात उभा राहून रडला. मामा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू घट्ट आहेस, बरं आहे." घट्टपणा नव्हता तो. मी वाट पाहत होतो. दहाव्या दिवशी बहिणीला विचारलं.

"ताई, आई शिमल्याला जायचं म्हणत होती का कधी?"

"शिमल्याला? तिला लक्ष्मी मार्केटपर्यंत जायचं जिवावर यायचं." मग म्हणाली, "सिमला मिरची म्हणाली असेल."

"तिला आई ढोबळी मिरची म्हणते."

"म्हणायची," ताई म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

आईने त्या दिवशी मला फोन का केला होता, एवढंच मला हवं होतं. ज्या बाईने नऊ वर्षांत तो नंबर फिरवला नाही, तिला त्या सकाळी काय सांगायचं होतं? ते ऐकलेलं माणूस जगात एकच होतं आणि त्या माणसाला शिमला ऐकू आलं होतं.

परत आलो त्या सकाळी पडद्यावर एक संदेश होता. इंग्रजीत होता, त्याचा अर्थ, आज आपल्याकडे पाहुणे अपेक्षित आहेत. खाली आईचं पूर्ण नाव. नातं: आई. फोटोच्या चौकटीत राखाडी रंगाचं डोकं आणि खांदे, चेहरा नाही. मुलीने टाकलेला पास अजून चालू होता. एक बटण दाबलं की रद्द झाला असता. मी ते दाबलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी साडेनऊला संदेश पुन्हा आला.

खाली फाटकाशी जो सुरक्षारक्षक असतो त्याच्याही यंत्रात रोज ते नाव येत असणार. त्याने पासचं कार्ड छापून टेबलावरच्या खोक्यात उभं करून ठेवलं होतं.

"साहब, माताजी आज भी नहीं आईं?"

मराठी कानाला हिंदीतली 'आई' ठेचेसारखी लागते. मेट्रो आई, चिट्ठी आई, आँधी आई. चोवीस वर्षं दिल्लीत काढली, तरी कान एक क्षण वळतोच.

"नहीं," मी म्हणालो.

"ठंड भी तो हो गई है. कल आ जाएँगी."

त्याला खरं सांगायला काय हरकत होती, मला माहीत नाही. रोज सकाळी तो विचारायचा, मी नाही म्हणायचो आणि तो उद्याचा भरवसा द्यायचा. चार-पाच दिवसांनी माझ्या लक्षात आलं, त्याच्या त्या भरवशासाठी मी दुसऱ्या दाराने जायचं सोडून त्याच्या समोरून जातो आहे.

आमच्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. भल्या बाई आहेत. म्हणाल्या, "आप बहुत स्ट्राँग हो. टीम आपसे सीख रही है." मग सांगितलं की हवं तर वेलनेस रूम आहे, संकोच करू नका. ती खोली आमच्याकडे रडण्यासाठी असते, हे सगळ्यांना माहीत आहे. दुधी काचेचं दार, एक मऊ गादीची खुर्ची, कागदी रुमालांचा डबा. पंधरा मिनिटांची वेळ आधी नोंदवायची. आत गेलेल्याला बाहेर आल्यावर काही विचारायचं नाही, असा अलिखित नियम. मी वेळ नोंदवून गेलो. खुर्चीत बसलो, हात मांडीवर ठेवले आणि आईचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. दर वेळी राखाडी डोकं आणि खांदेच आले. काही मिनिटांनी खोलीतला दिवा विझला. तिथला दिवा माणसाच्या हालचालीवर चालतो. मी इतका स्थिर बसलो होतो की खोलीने ठरवलं, आत कुणी नाही. मी अंधारात तसाच बसून राहिलो. पलीकडून लोकांच्या नाक शिंकरण्याचे आवाज येत होते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब लिहून दिले. "सबको पानी आ रहा है, आपको सूखा है," ते जरा नवलाने म्हणाले. दुकानदाराला विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, नकली आँसू. मी ते दिवसातून चारदा घालू लागलो. त्यानंतर मीही इतरांसारखाच दिसत असणार.

मुलगी पहिले दोन दिवस मला टाळत होती. तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढून जवळ आली. आवाज खाली होता.

"काका, एक विचारू? त्या निघाल्या होत्या ना? सामान बांधत होत्या?"

"कोण?"

"आजी. मी या म्हटलं म्हणून. त्या धावपळीत झालं ना? मला तेवढं सांगा फक्त."

ती पंधरा दिवस हे घेऊन बसली होती. मी तिला सांगितलं की आई कुठेही निघाली नव्हती, खुर्चीत पेपर वाचत बसली होती. सांगितलं की 'येते' म्हणजे बाय. आपल्यात जाताना जाते म्हणायचं नाही, म्हणून येते म्हणायचं.

"पण तुम्हीच तर लिहून दिलं होतं," ती म्हणाली. "गेल्या म्हणजे डेथ. आजी तर येते म्हणाल्या."

आणि मग ती रडली. टिपूस गाळून नाही, हमसून हमसून. मजल्यावरची बोटं थांबली, माना वळल्या. त्या हवेत सगळ्यांचेच डोळे ओले होते, पण आवाज कुणालाच नव्हता. तो तिचा होता. मॅडम आल्या आणि तिच्या खांद्याला धरून तिला दुधी काचेच्या दाराआड घेऊन गेल्या. परत येऊन मला हळूच म्हणाल्या, "उसे समझाइए, फ्लोअर पर नहीं. नई है. लोग याद रखते हैं." मी मान हलवली. माझ्या वाट्याचं रडणं ती घेऊन गेली होती आणि त्याबद्दल तिला समज द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी ते केलं नाही. ती परत आल्यावर एवढंच विचारलं, की तुला आठवतंय तसं, त्याच क्रमाने, आई काय बोलली ते सांगशील का?

तिने डोळे मिटले. "मी हॅलो म्हटलं. त्या म्हणाल्या, आहे का तो? मी म्हटलं, मीटिंगमध्ये आहेत. त्या म्हणाल्या, असू दे असू दे. मग ते, शिमला आला. एकदम शिमला आला म्हणून केला फोन. मग थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं कट झाला. मग म्हणाल्या, काही नाही गं, जेवला का विचार त्याला. मग मी या म्हटलं. मग येते हं."

"एकदम शिमला आला?"

"हो. सॉरी, काका. नसेल ना शिमला?"

"बघू," मी म्हणालो.

त्यानंतर दिवसभर तो शब्द माझ्या डोक्यात असायचा. दाखले वाचताना, मेट्रोत, दात घासताना. आयुष्य शब्दांत गेलेला माणूस मी, पण ऐकू न आलेला शब्द शोधायचा कसा? रात्री झोपण्यापूर्वी ओळखीचे शब्द एकेक करून शिमल्याशेजारी उभे करायचो. एकही बसत नव्हता.

पास संपायला आठवडा होता तेव्हा, एका दुपारी, पडद्यावर वेगळा संदेश आला. आपले पाहुणे आले आहेत. राखाडी डोक्याच्या जागी आता फोटो होता. खालच्या बैठकीतला रिकामा सोफा आणि मागे काचेबाहेरचं पांढरं धुकट. सोफ्यावर कुणी नव्हतं. मी उठलो. लिफ्टच्या आरशात पाहून शर्ट नीट खोचला, केसांवरून हात फिरवला. आईला माझे विस्कटलेले केस चालत नसत. हे मी का करतो आहे, असा प्रश्न चौदा मजल्यांत एकदाही पडला नाही.

सोफा फोटोतल्यासारखाच होता. सुरक्षारक्षक उठून उभा राहिला.

"माफ करना साहब. कार्ड पोंछ रहा था, मशीन पे रखा गया. अपने आप फोटो खिंच गई. मैंने काट दी एंट्री."

"कोई बात नहीं."

मी सोफ्यावर बसलो, एका कडेला, बाजूला एका माणसाची जागा ठेवून. थोड्या वेळाने त्याने पाण्याचा पेला आणून समोर ठेवला. मग आत गेला आणि दुसरा पेला आणून शेजारी ठेवला. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

पासच्या शेवटच्या दिवशी सकाळच्या संदेशाखाली एक ओळ जास्त होती: मुदत आज सायंकाळी सहापर्यंत. मी दिवसभर घड्याळ पाहत काम केलं. पाचच्या सुमाराला मुलगी एक अर्ज घेऊन आली. हाताने लिहिलेला, रेघांच्या वहीतला कागद. परभणीकडच्या एका बाईची आई गेली होती, दावा दाखल करायला उशीर झाला होता, आणि उशिराचं कारण तिने लिहिलं होतं.

"काका, शेवटची ओळ वाचून दाखवते, अर्थ सांगा." ती अक्षर लावत वाचू लागली. "कागद काढून बसले की... एकदम... उमाळा... येतो, म्हणून भरणे झाले नाही. उमाळा म्हणजे..."

ती थांबली. कागद तसाच हातात. मग तिने तो शब्द पुन्हा म्हटला, कागदाकडे न बघता, आणि या वेळी सूर वेगळा होता. मधलं अक्षर लांबवलेलं, शेवट खाली सोडलेला. माझी आई असंच बोलायची. या मुलीने तिला आयुष्यात एकदा, फोनवर, तीन-चार मिनिटं ऐकलं होतं.

"एकदम उमाळा आला, म्हणून केला फोन," ती म्हणाली. "काका. शिमला नव्हतं."

"नव्हतं," मी म्हणालो.

"म्हणजे काय पण?"

तिच्या यादीसाठी सांगायला मी सुरुवात केली. म्हटलं, विहीर खणताना खालून पाणी उसळून वर येतं ना, तो उमाळा. आणि माणसाला तसंच, आतून, कुणाची तरी एकाएकी आठवण येऊन, माया दाटून, काही कारण नसताना... इथपर्यंत सांगता आलं. पुढचा शब्द तोंडात होता आणि त्याऐवजी भलताच आवाज बाहेर आला. मला तो ओळखीचा वाटला नाही. कुणी मोठ्याने खुर्ची सरकवावी तसा. मग दुसरा.

मी टेबलाच्या कडा धरल्या. कितीतरी वेळ ते येत राहिलं. मजला थांबला होता. यंत्रांची घरघर तेवढी ऐकू येत होती. पलीकडच्या रांगेतल्या तामिळ टेबलावरचा गृहस्थ, ज्याच्याशी मी चार वर्षांत दहा वाक्यं बोललो असेन, तो उठला आणि आपली थेंबांची बाटली माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "हवा बहुत खराब है आज, सर." इतकं सभ्यपणे म्हणाला की मला आणखीच रडू आलं. मॅडम केबिनच्या दाराशी आल्या. दुधी काचेच्या दाराकडे त्यांनी एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दार लोटून न घेता तशाच उभ्या राहिल्या. मुलगी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. ती रडत नव्हती.

नंतर मी तोंड धुऊन आलो आणि त्या परभणीच्या बाईचं वाक्य इंग्रजीत उतरवायला बसलो. उमाळ्याला इंग्रजी शब्द मिळेना. शेवटी लिहिलं, की अर्जदार बाईंना लिहिताना रडू येतं. ते बरोबर नव्हतं, पण चुकीचंही नव्हतं.

सहाला पडद्यावर संदेश आला: आपल्या पाहुण्या बाहेर पडल्या आहेत. राखाडी डोकं आणि खांदे क्षणभर दिसले आणि चौकट रिकामी झाली.

मुलीने बॅग खांद्याला लावली. दोन पावलं जाऊन वळली.

"काका, येते हं," ती म्हणाली. नवा शब्द वापरून पाहतात तसं, जपून.

"ये," मी म्हणालो.

खाली सुरक्षारक्षक यंत्राकडे बघत होता. आईचं कार्ड त्याच्या हातात होतं. परत आलेली कार्डं तो एका पेटीत टाकतो. हे मात्र तो उलटसुलट करून पाहत होता.

"साहब, ये माताजी का आउट दिखा रहा है. मैं तो सुबह से यहीं बैठा हूँ, मैंने देखा ही नहीं." तो गोंधळला होता, थोडा ओशाळलाही होता, जणू त्याच्या हातून एक म्हातारी बाई मानपान न होता निसटून गेली होती. "आई थीं?"

काचेबाहेर रस्ता नव्हता, गाड्यांचे नुसते दिवे होते. आज कान वळला तेव्हा मी त्याला वळू दिलं.

"हाँ," मी म्हणालो. "आई थीं."